ताणलेला चेहरा म्हणजे स्वच्छ चेहरा नव्हे

"धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटला, तरच मळ निघाला म्हणायचा." मुरुमांना कंटाळलेली कॉलेजची मुलं हे सांगतात, त्यांच्या आयाही सांगतात, आणि दर वेळी चीड येते. कारण तो ताण मळ गेल्याचा नसतोच. त्वचेची स्निग्धता गेल्याचा असतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका जाड. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि सांध्यांत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं भरलेली. साबणाला मळ कुठला आणि हा मेद कुठला, ते कळत नाही. तो दोन्ही नेतो. मग आतलं पाणी उडून जातं, ओठांच्या कडा ओढतात, नाकपुड्यांलगत पांढरे पापुद्रे सुटतात, रोजचंच क्रीम चुरचुरायला लागतं. आणि लोक काय करतात? पापुद्रे घालवायला पुन्हा घासतात!

त्यात त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे आम्लधर्मी. साबणाचा ९ ते १०. सिरॅमाइड तयार करणारी विकरं आम्लधर्मी त्वचेतच नीट चालतात. पीएच पूर्ववत व्हायला काही तास जातात. सारखं तोंड धुणाऱ्याच्या त्वचेला तेवढी सवडच मिळत नाही.

"पण वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के आहे!" असेल. टीएफएम म्हणजे साबणातला एकूण मेद, आणि पहिल्या प्रतीच्या साबणाला भारतीय मानकानुसार तो किमान तेवढा लागतो. त्यावरून पीएच कळत नाही.

मुरुमांचं म्हणाल, तर 'पीडिअॅट्रिक डर्मेटॉलॉजी'त २००६ साली एक लहानसा अभ्यास आला होता. तरुणांनी दिवसातून एकदा, दोनदा किंवा चारदा चेहरा धुतला. सुधारणा दिसली ती दोनदा धुणाऱ्यांत. चारदा धुऊन जास्तीचं काही पदरात पडलं नाही. तेल किती सुटायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात, नळाचं पाणी नव्हे.

गरम पाण्याने रंध्रं उघडतात? त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नाहीत. लिंबाचा पीएच २ च्या आसपास, आणि रस लावून उन्हात गेलं तर फोड, काळे डाग. बेसन चालेल, पण रगडू नका. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई, हेही खोटं.

बोअरचं जड पाणी मात्र खरंच त्रास देतं. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांना त्यात धुतल्यावर त्वचेवर डिटर्जंटचे घटक जास्त चिकटून राहिलेले आढळले. अशा घरात साबणविरहित क्लेन्झर थोडाच घ्यावा, कोमट पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवावा आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं.