मापात पाप

संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले की बोईसरच्या नाक्यावर खजुराच्या हातगाड्यांभोवती गर्दी वाढते. जनरल शिफ्ट सुटून शेअर रिक्षातून उतरलेले कामगार कलिंगडाची फोड, भजी आणि पाण्याची बाटली घेऊन घाईघाईने निघतात. दुसऱ्या पाळीचे कामगार मात्र आतच असतात. त्यांचा रोजा मशीनच्या शेजारीच सुटतो. मगरिबची अजान ऐकू आली की बाजूचा हिंदू किंवा आदिवासी सोबती म्हणतो, "चाचा, पाच मिनिटं मी बघतो, तुम्ही आधी पाणी घ्या." तारापूर औद्योगिक वसाहतीत हे दृश्य दर रमजानमध्ये दिसते आणि त्यात नवल वाटावे असे कोणाला काही वाटत नाही.

दिवसभराच्या उपवासानंतर पाण्याच्या पहिल्या घोटाला जी चव असते, ती रोजेदारालाच ठाऊक. पण हे पाणी विकतच्या बाटलीतले किंवा टाकीतले असते. वसाहतीला लागून असलेल्या गावांतले लोक सांगतात की पूर्वी विहिरीचे पाणी थेट ओंजळीने पीत असत. आता कित्येक विहिरींचे पाणी भांडी घासायलाही नकोसे वाटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली. ७० पेक्षा जास्त गुण म्हणजे अतिप्रदूषित. त्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलाचे पेढे वाटले जातात. या पहिल्या क्रमांकाची किंमत मात्र गावांनी आणि समुद्राने चुकवली.

वसाहतीत हजाराहून अधिक कारखाने आहेत. रसायने, औषधांचा कच्चा माल, कापडावरील प्रक्रिया, पोलाद. सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभारले गेले, त्याची क्षमता सुरुवातीला दिवसाला अडीच कोटी लिटर होती. कारखान्यांतून येणारे पाणी त्याहून जास्त होते. केंद्रातून पाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. जे केंद्रात मावले नाही किंवा तिथवर पोचलेच नाही, ते नाल्यांनी खाडीत गेले. नवापूर, दांडी, मुरबे, नांदगाव, सातपाटी या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी मेलेले मासे वर्षानुवर्षे पाहिले. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २४ जानेवारी २०२२ रोजी लवादाने निकाल दिला. शंभराहून अधिक उद्योग आणि प्रक्रिया केंद्र यांना जबाबदार धरून कोट्यवधी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश झाला. लहान होड्यांवर पोट असणाऱ्या समाजाने एवढ्या उद्योगांना जाब विचारला, ही साधी गोष्ट नाही. पण याचिकेपासून निकालापर्यंत सहा वर्षे गेली आणि दरम्यान जाळे रोजच टाकावे लागत होते.

सातपाटीचा पापलेट देशभर नावाजलेला. २०२३ साली राज्य सरकारने त्याला राज्यमाशाचा मान दिला. मासा कमी होण्याला लहान पिल्ले ओढून काढणारी मासेमारीही कारण आहे, हे मच्छीमार स्वतःच कबूल करतात. आपल्या चुकीचा वाटा ते उचलतात. उद्योगाने आपला वाटा उचलावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

इथे खरा प्रश्न हिशेबाचा आहे. एक टँकर घातक सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करायची तर पैसा लागतो. तोच टँकर रात्री नाल्यात रिकामा केला तर तो पैसा वाचतो आणि वहीत नफा म्हणून दिसतो. प्रत्यक्षात खर्च वाचलेला नसतो, तो दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो. कोणाच्या? विहीर सोडून पाणी विकत घेणाऱ्या बाईच्या, रिकाम्या जाळ्याने परतणाऱ्या नाखव्याच्या, दम्याचे औषध घेणाऱ्या पोराच्या. समाजवादी विचार ज्याला भांडवलाची हाव म्हणतो ती हीच. श्रीमंताचा हेवा करणे म्हणजे समाजवाद नव्हे. नफा एकाच्या खिशात आणि तोटा साऱ्या गावाच्या माथी, ही वाटणी अन्यायाची आहे, असे म्हणणे म्हणजे समाजवाद.

मराठीत यासाठी दोनच शब्द आहेत : मापात पाप. कुराणातील ८३ व्या सूरहचे नावच 'अल्-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात कमी देणारे. घेताना पुरेपूर मोजून घ्यायचे आणि देताना काटा मारायचा, अशा लोकांना तिथे कडक इशारा आहे. हा इशारा फक्त किराणा दुकानाच्या तराजूपुरता आहे, असे मानणे सोयीचे. पण कारखान्याचा सांडपाणी मोजणारा मीटरही मापच आहे आणि हजेरीचे पुस्तकही मापच.

हजेरीच्या पुस्तकात काय दिसते? काम बारा तासांचे, नोंद आठ तासांची. वर्षानुवर्षे एकाच रिअॅक्टरवर उभा असलेला माणूस कागदावर ठेकेदाराचा. ठेकेदार बदलला की तो पुन्हा 'नवा'. पीएफ आणि ईएसआयचा तुकडा कुठे असतो, कुठे नसतो. ११ जानेवारी २०२० रोजी कोळवडे परिसरातील कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगारांचा जीव घेतला. प्रत्येक वेळी चौकशी, मदतीची घोषणा आणि काही दिवसांनी शांतता. सुरक्षेवरचा खर्च हाही वाचवण्याजोगा खर्च मानला गेला, की त्याचे बिल असे येते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते : कारखाने बंद झाले तर हजारो लोक खातील काय? प्रश्न खरा आहे. टाळे लागले तर मालकाआधी कामगाराची चूल विझते. लहान कारखानदाराची अडचणही खोटी नाही. मोठी कंपनी त्याच्याकडून स्वस्तात माल बनवून घेते, दर पाडते आणि कचऱ्याची जबाबदारी त्याच्या अंगणात सोडते. म्हणूनच मागणी कारखाने बंद करण्याची नाही, तर खर्च ज्याचा त्याला परत करण्याची आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच देशाच्या कायद्याचा भाग मानले आहे. स्वस्त माल घेणारी मोठी कंपनीही त्या साखळीत यायला हवी.

दुसरे उत्तर दानाचे असते. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून शाळेला बाके, गावाला पाण्याचा फिल्टर मिळतो. चांगलेच आहे. पण विहीर नासवून फिल्टर देणे हे दान की अर्धवट परतफेड? जकातीचा नियम इथे आठवावा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के द्यायचे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, गरिबाचा हक्क म्हणून. मुळात कमाई हलाल हवी; दुसऱ्याचा हक्क मारून जमवलेल्या पैशाला जकात शुद्ध करत नाही. हा आरसा मुस्लिम समाजालाही लागू आहे. रसायनांच्या पिंपांचा भंगारधंदा करणारे, मजूर पुरवणारे ठेकेदार सर्व धर्मांचे आहेत. दोन महिन्यांची मजुरी थकवून थाटात इफ्तार पार्टी देणाऱ्याचे खजूर गोड लागतील, पण हिशेब तसाच राहील.

देशात समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात रुजली आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच्या संस्थापकांत मुंबईचे युसूफ मेहेरअली होते. 'चले जाव' हे शब्द त्यांचेच मानले जातात. त्या हाकेला पालघरने १४ ऑगस्ट १९४२ रोजी रक्ताने ओ दिली. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांची गावे कोणती? सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर. यांतले सालवड आज औद्योगिक वसाहतीला खेटून आहे, आणि सातपाटी, नांदगाव, मुरबे यांच्या समोर तोच नासलेला समुद्र आहे. पालघरच्या हुतात्मा चौकात दरवर्षी फुले वाहिली जातात. ज्या गावांनी देशासाठी माणसे दिली, त्यांना स्वच्छ पाणी देणे देशाला जड का जावे?

करण्यासारखे बरेच आहे आणि ते अशक्य नाही. प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचे रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. तपासणीच्या वेळी मच्छीमार आणि कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. भरपाईचा पैसा नुकसान झालेल्या घरापर्यंत पोचावा. ठेक्यावरच्या माणसाची मजुरी ईदच्या आधी, दिवाळीच्या आधी, पूर्ण मिळावी.

रोजा माणसाला दिवसभर एक गोष्ट शिकवतो : समोर पाणी आहे, कोणी बघत नाही, तरी हात आवरायचा. रात्री नाल्याकाठी टँकरचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्यालाही कोणी बघत नसते. तोही हात आवरला गेला, तर इफ्तारचे पाणी पुन्हा गावच्या विहिरीतून आणता येईल.