मधुमेहाची रोजकीर्द आणि मोबाइल

व्यापाऱ्यास गल्ल्यातील शिल्लक विचारावी, तो पैपर्यंत सांगेल. रक्तातील साखर विचारावी, तर उत्तर येते, "गेल्या वर्षी तपासली होती." टाइप टू मधुमेह फारसा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून त्याची नोंद मागे पडते, आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पायांच्या नसा ह्यांची झीज मात्र मुकाट्याने चालू राहते.

ह्या विस्मरणावर खिशातील मोबाइल उपयोगी पडतो काय, ह्याची कसोटी आपल्याच देशात लागली आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी ह्यांनी ५३७ नोकरदार पुरुष निवडले. त्यांना मधुमेह जडलेला नव्हता; पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. आहार व व्यायामाचा सल्ला सर्वांनाच देण्यात आला; सुमारे निम्म्या लोकांना त्याखेरीज वरचेवर लघुसंदेश जात राहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला. मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. एवढ्यासाठी साधा फोनही पुरतो.

रोग जडल्यानंतरचे काय? न्यूझीलंडमध्ये साखर आटोक्यात नसलेल्या ३६६ रुग्णांवर (त्यांत टाइप वनचेही होते) असाच प्रयोग झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. संदेश रुग्णाच्या संस्कृतीस व गरजेस अनुरूप लिहिले होते. नऊ महिन्यांनी त्यांची सरासरी साखर इतरांहून अधिक उतरली. मला ह्यात यंत्रापेक्षा भाषेचे महत्त्व अधिक वाटते. "कर्बोदके मर्यादित ठेवा" हे वाचून कोणी हात आखडत नाही. "दुसरी पोळी राहू द्या" हे कळते.

परंतु नुसती कीर्द लिहून भागत नाही, ती कोणी तपासावीही लागते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रुग्ण आपले आकडे फोनवर भरीत, त्यांना तत्काळ सल्ला मिळे, आणि ज्या गटात डॉक्टरांनाही त्याचा गोषवारा जाई, तेथे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्का वर्षात १.९ ने उतरला. नेहमीच्या उपचारांत ०.७ ने. हा अहवाल २०११ सालचा.

आपल्या घरांत एक प्रश्न विशेष आहे. औषधाची आठवण देणाऱ्या घंटेस उपवास कळत नाही. इन्सुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरते. घाम, कंप, भोवळ, क्वचित बेशुद्धीही येते. सेनेगलमध्ये २०१४ साली रमजानच्या निमित्ताने मधुमेहींना ह्याच काळजीचे संदेश मोबाइलवर धाडण्यात आले होते. पर्युषणात उपवास करणाऱ्या किंवा सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मधुमेहींनीही औषधाची मात्रा डॉक्टरांकडून अगोदरच ठरवून घ्यावी व घंटेची वेळ त्याप्रमाणे बदलावी. साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास उपवास तेथेच सोडावयाचा, हे घरातील एका तरी माणसास आधीच सांगून ठेवावे.