मॅटॅडोरचा पुनर्जन्म

ऐंशीच्या दशकात सुरतेच्या आमच्या गल्लीत वणीच्या सप्तशृंगीला जाण्याचा बेत ठरला की पहिला प्रश्न एकच असे : मॅटॅडोर कोणाची सांगावयाची? बारा माणसांच्या गाडीत अठरा माणसे, मांडीवर मुले, पायाशी डबे. आणि सापुताऱ्याच्या घाटात इंजिन तापले की चालककाका पाण्याचा डबा घेऊन उतरत, तोवर मंडळी कडेला बसून दशम्यांची शिदोरी सोडीत. आमच्या पिढीच्या वाचकांस हे चित्र परके वाटणार नाही.

या आठवणीस निमित्त झाले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या भेटीचे. त्याच्या वडिलांची मॅटॅडोर उधन्यातील एका शेडमागे कित्येक वर्षे उभी आहे. भंगारवाला भाव सांगून गेला आहे. ‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘जर्मनीत जुनी व्हॅन विजेवर नव्याने काढली आहे. मग बाबांची गाडी तशी करून घेऊ का? थोडे पैसे साठले आहेत.’’ प्रश्न भाबडा असला तरी साठलेले पैसे खरे होते. तेव्हा उत्तर विचारपूर्वक देणे आम्हांस प्राप्तच होते.

मॅटॅडोरचे कूळही मूळचे जर्मन. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. तिची तीनचाकी इतकी रुळली की ‘टेम्पो’ हे विशेषनाम मराठीत आणि गुजरातीत सामान्यनाम होऊन बसले. भाषेच्या शिक्षकास याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते वाटावे? पुढे १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. शाळेची मुले, वऱ्हाड, भाजीपाला, आणि आमच्या सुरतेत कापडाचे गठ्ठे, असे सारे तिने वाहिले.

आता त्या जर्मन गाडीचे. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीत एक चौकोनी गाडी रेखाटली. तिच्यावरून १९५० मध्ये फोक्सवॅगनची व्हॅन निघाली : इंजिन मागे, चालक अगदी पुढे, मध्ये सगळी जागा माणसांना वा मालाला. ब्राझीलमध्ये तर तिचा एक अवतार २०१३ पर्यंत बनत होता. तो थांबला, कारण पुढील वर्षापासून तेथे अपघातात फुगणाऱ्या सुरक्षा-पिशव्या व चाके घसरू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले, आणि जुन्या सांगाड्यात ते बसविणे परवडणारे नव्हते. नव्या अवताराचे नमुने कंपनीने २००१ मध्ये दाखविले, २०११ मध्ये दाखविले, २०१७ मध्येही दाखविले. प्रत्यक्ष विक्रीची गाडी आली ती २०२२ मध्ये. एकवीस वर्षे गेली. तिचा दुरंगी चेहरा जुन्याची आठवण देतो, आणि इंजिनाच्या जागी आलेली विजेची मोटरही मागच्याच चाकांपाशी आहे. परंतु अंगातला एकही भाग जुना नाही. बॅटरी तळाखाली पसरली आहे, आणि सारा सांगाडा तिच्यासाठीच नव्याने बांधला आहे. किमतीचे म्हणाल तर अमेरिकेत ती साठ हजार डॉलरच्या घरात विकावयास आली. जी गाडी एके काळी सुतार-गवंड्यांची होती, ती आता सुखवस्तूंची झाली.

म्हणजे चेहरा परतला, काम परतले नाही. आमच्याकडे नेमके उलटे घडले. मॅटॅडोर हे नाव गेले. परंतु त्याच कंपनीने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली, २००५ मध्ये स्वतःचे नाव फोर्स मोटर्स केले आणि २०२२ मध्ये अर्बानिया काढली. वणीच्या वाटेवर आज जी मंडळी बसतात, ती बहुधा याच घराण्यातील गाडीत. पुनर्जन्म खरा कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

विद्यार्थ्यास आम्ही शाळेतल्यासारखाच कागद दिला आणि दोन रकाने पाडावयास सांगितले : ‘बाबांची गाडी काय काम करी’ आणि ‘मला कोणते काम करावयाचे आहे’. त्याने लिहिले : उधन्याच्या मागांवरून रिंगरोडच्या बाजारात गठ्ठे पोहोचविणे, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. जुन्या गाडीत मोटर बसवावयाची तर मान्यताप्राप्त संच हवा, परिवहन कार्यालयात नोंद हवी, दर वर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र हवे. आणि एवढे करून गंजलेला पत्रा व जुने ब्रेक तेच. उलट एवढ्या फेऱ्यांसाठी छोटे मालवाहू वाहन विजेवर आज तयार मिळते. टाटांचा ‘एस’ २०२२ पासून त्या रूपात आहे. बेरीज त्यानेच केली, आम्हांस काही सांगावे लागले नाही.

तरी तो गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘सर, आई अजून दसऱ्याला त्या गाडीला हार घालते.’’

यावर आमच्यापाशी हिशेब नव्हता. एवढेच म्हणालो, ‘‘हार यंदा दोन आण. एक जुनीला, एक नवीला. मग भंगारवाल्याचे काय ते आईला ठरवू दे.’’

वडिलांचा धंदा पुढे चालणे हाच त्या गाडीचा पुनर्जन्म, असे आम्हांस वाटते. पत्रा जपता आला तर उत्तम. न आला तरी वडिलांचे काम बुडता कामा नये.