खेळताना मुलीला दम लागतो? आळस नव्हे, रक्त कमी असू शकतं

कबड्डीत दोन चढाया केल्या की पोरीला दम लागतो, चक्कर येते. घरचे म्हणतात, ‘आळशी आहे.’ पण रक्त कमी असलं तरी असंच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मोफत मिळते. ती उपाशीपोटी नको, जेवल्यावर घ्यावी. त्यावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. शौचाला काळी झाली तरी घाबरून गोळी सोडू नये. ताटात मटकीची उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू असावं. पोरीचा खेळ बंद करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.