शिरूर-दौंडचा वर्ग आणि परदेशातले इंग्रजी

एम. ए. इंग्रजी, मग सेट किंवा नेट, जमलेच तर पीएच. डी. आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावरची नेमणूक. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या कित्येकांची वाट इथे येऊन अडते. मग कधीतरी ओमान, सौदी अरेबिया किंवा इथिओपियातल्या विद्यापीठाची जाहिरात समोर येते आणि पाठोपाठ शंकाही येते: आपण मराठी माध्यमातले, आपले उच्चार गावाकडचे, तिथे आपल्याला कोण विचारणार? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. तिथल्या वर्गात जे काम करावे लागते त्याची खरी तालीम शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गावीच होते. मात्र ते काम कोणते, हे निघण्याआधी समजून घ्यायला हवे.

ते काम साहित्य शिकवण्याचे क्वचितच असते. ओमानमध्ये बहुतेक मुले शाळेत अरबीतून शिकून येतात आणि पदवीच्या आधी पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करतात. सगळ्या उच्चशिक्षण संस्थांसाठी त्याचे निकष 2008 मध्ये ठरले. सौदीतही पूर्वतयारीचे वर्ष असते. इथिओपियात नववीपासून माध्यम इंग्रजी, पण खेड्यातून आलेल्या मुलाला विद्यापीठात पहिल्याच वर्षी संवादाचे आणि लेखनाचे इंग्रजी नव्याने शिकावे लागते. म्हणजे शिक्षकाच्या वाट्याला येतात पातळीनुसार केलेल्या तुकड्या, ठरवून दिलेले पुस्तक, सर्व तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका, हजेरीचा काटेकोर हिशेब आणि परिच्छेदलेखनाच्या वह्यांचा ढीग. स्पेशल इंग्लिशला शेक्सपिअर शिकवण्याची हौस असणाऱ्याने ती अपेक्षा घरीच ठेवावी.

आता शिरूरच्या सी. टी. बोरा किंवा दौंडच्या के. जी. कटारिया महाविद्यालयातला सक्तीच्या इंग्रजीचा तास डोळ्यांसमोर आणा. एसटीने आलेली, मराठी माध्यमातली मुले ‘द’ कुठे लावायचा यावर अडतात, कारण मराठीत तसे उपपदच नाही. चूक कुठून आली हे शिक्षकाला कळते, कारण तोही त्याच वाटेने आलेला असतो. हीच नजर परदेशात कामी येते. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ची गरज नसते, म्हणून तिथला विद्यार्थी इंग्रजी वाक्यातले ‘इज’ गाळतो. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तो ‘पार्किंग’चे ‘बार्किंग’ करतो. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते, आणि तिच्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात स्वररूपे असतात, आपल्या बाराखडीच्या जवळची. क्रियापद उचलून मध्ये आणायची अडचण मराठी शिक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणाराच उत्तम शिक्षक, या समजाला रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्येच भ्रम म्हटले होते, ते याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल, भाषाशास्त्र काही म्हणो, बाजार गोऱ्या माणसालाच निवडतो. यात तथ्य आहे. दक्षिण कोरियाचा संभाषण-शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः 7 इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे, चीनचे नियमही त्याच वळणाचे. हा अन्याय आहे असे मला वाटते. पण तो पारपत्राचा निकष आहे, गुणवत्तेचा नव्हे. आखात आणि इथिओपिया इथे भारतीय शिक्षकांची परंपरा जुनी आहे, इथिओपियात तर सम्राट हैले सेलासीच्या काळापासूनची. आपली खरी उणीव वेगळीच आहे. आपला एम. ए. साहित्य शिकवतो, भाषा कशी शिकवावी हे फारसे शिकवत नाही. ती उणीव हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठातील अध्यापन-पदविकेने किंवा केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-अध्यापनाच्या प्रमाणपत्राने भरून निघते. सेल्टात सुमारे 120 तासांचे शिक्षण आणि 6 तास प्रत्यक्ष शिकवणे असते. मुलाखतीत हे प्रमाणपत्र आणखी एका शोधनिबंधापेक्षा जास्त बोलते.

वर्गाबाहेरचे व्यवहार मात्र डोळे उघडे ठेवून करावेत. करार बहुधा ठरावीक मुदतीचा असतो आणि स्थानिक उमेदवार मिळाला की नूतनीकरण थांबू शकते. पगार कोणत्या चलनात, हे लेखी घ्या: जुलै 2024 मध्ये इथिओपियाने बिर या आपल्या चलनाचा दर खुला केला आणि काही महिन्यांत त्याचे डॉलरमधले मोल जवळपास निम्म्यावर आले. लिबियातून 2011 मध्ये आणि येमेनमधून 2015 मध्ये भारतीयांना सरकारने परत आणले, हेही विसरू नये. पदव्यांचे साक्षांकन वेळखाऊ असते, ते आधीच सुरू करावे. कामाचा व्हिसा हातात येण्याआधी पर्यटक म्हणून रुजू व्हायला सांगणाऱ्या दलालाला सरळ नकार द्यावा. रोजच्या सवयीही बदलाव्या लागतात: इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. तिथे ‘दोन वाजता तास’ म्हणजे आपले सकाळचे आठ, आणि वर्षाला महिने तेरा. स्थानिक भाषा थोडी तरी शिकावी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनची ख्रिस्ती धर्मप्रसारक मंडळी शिरूरला आली, तेव्हा त्यांनाही मराठी शिकावीच लागली.

सर्वात गंभीर आक्षेप शेवटी. चांगले शिक्षक गेले तर याच तालुक्यांतल्या न्हावरे, पाटस, केडगावच्या मुलांना इंग्रजी कोण शिकवणार? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात मुलाखतीला इंग्रजीच आडवे येते, तेव्हा ही काळजी रास्तच आहे. पण तिचे उत्तर कायम जागा भरण्यात आहे. तासिकांवर झिजणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने अडवून धरण्यात नाही. शिवाय बरेच जण परततात आणि तुकड्या पाडणे, चाचण्या बेतणे, लेखन तपासणे यांचा सराव घेऊन येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार ठरावीक अटी पूर्ण झाल्यास परदेशातली नियमित सेवाही पदभरती आणि पदोन्नतीसाठी धरता येते. म्हणून जाणाऱ्याने नेमणूकपत्र, वेतनश्रेणी आणि अनुभव-प्रमाणपत्र यांच्या शिक्क्यानिशी प्रती तिथून निघण्यापूर्वीच मागून घ्याव्यात.