जुन्या वाहनाची पारख

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याने जुनी मोटार विकत घेतली नव्हती हे उघड आहे. नाहीतर तिला तिसरा चरण जोडल्यावाचून तो राहता ना. तो तिसरा चरण गेल्या माघात आमच्या वाट्यास आला. त्यातून जो बोध झाला तो आमच्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम निमित्त सांगितले पाहिजे. आमचे मूळ घर दक्षिण कोकणात खाडीकाठी आहे. डांबरी सडकेपासून अंगणापर्यंत सुमारे दीड किलोमीटरचा तांबड्या मातीचा आणि जांभ्या दगडाचा उतार आहे. उन्हाळ्यात कोणतीही गाडी त्यावरून ये-जा करते; मृगाच्या सरी पडू लागल्या म्हणजे मात्र खाली उतरलेली गाडी वर चढेलच असा भरवसा नसतो. गतवर्षी श्रावणातील एका रात्री आमच्या थोरल्या वहिनींस धाप लागली. त्यांचे वय ७८. दारात मोटार उभी होती, परंतु पहिल्याच वळणावर तिची चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली. अखेर दोन्ही पुतणे आणि शेजारचे दोघे यांनी वहिनींस खुर्चीत बसवून, भर पावसात, पाऊण तासाने सडकेवर आणले. ईश्वरकृपेने उपचार वेळेवर मिळाले. पण चारही चाकांना शक्ती पोचणारे वाहन पुढील पावसाळ्यापूर्वी घरी आलेच पाहिजे, असे दादांनी त्या रात्रीच ठरविले.

नवे वाहन आमच्या आवाक्याबाहेरचे होते. जुन्यांपैकी दोन पुढे आली. एक २०१२ सालची मारुती जिप्सी, पेट्रोलवर चालणारी. दुसरी २०१४ सालची महिंद्रा थार, डिझेलवर चालणारी. दोहोंची कुळकथा थोडक्यात अशी. जिप्सी आपल्या देशात १९८५ साली आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि २०१९ साली तिची निर्मिती थांबली. वजन एका टनाच्या आसपास, आणि पुढे-मागे दोहोंकडे पोलादी पाटे. थार २०१० मध्ये बाजारात आली. जुन्या विलिस जीपच्या वंशातली. आम्ही पाहिलेल्या थारचे इंजिन २.५ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे, आणि वजन दीड टनाहून अधिक. २०२० साली थारला सर्वस्वी नवे रूप मिळाले. येथे विचार आहे तो त्यापूर्वीच्या थारचा.

घरात लगेच दोन पक्ष पडले. धाकटा पुतण्या थारच्या ताकदीचा अभिमानी, तर थोरला जिप्सीच्या हलकेपणाचा. आम्हीही शाळामास्तरी सवयीने कागदावर उभी रेघ मारून गुणदोषांचे दोन रकाने भरले आणि तो कागद मोठ्या ऐटीत गावच्या मिस्त्रींस दाखविला. त्यांनी तो वाचून परत दिला व म्हटले, “गुरुजी, ही कागदावरची गाडी. विकायची आहे ती कुठे आहे, ती दाखवा.”

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. स्थालीपुलाकन्याय आम्ही वर्गात शेकडो वेळा शिकविला आहे. एक शीत दाबून पाहिले की हंडीतील सर्व भात शिजला की नाही ते कळते. परंतु हा न्याय लागू होतो तो एकाच हंडीतील, एकाच आंचेवर शिजलेल्या भातास. कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्या दहा वर्षे दोन निराळ्या धन्यांकडे राहिल्या म्हणजे त्यांची हंडी एक राहत नाही. म्हणून जुने वाहन घेताना त्याच्या जातीइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या पूर्वीच्या धन्याची परीक्षा करावी लागते.

मग दोन्ही गाड्या उतारावर मागविल्या. विहिरीचा पंप लावून पहिले वळण मुद्दाम भिजविले. थार पाच माणसे घेऊन विनासायास वर गेली. जिप्सीनेही, खालचा जड गिअर टाकल्यावर, तोच चढ चढला. मात्र हळू आणि बराच आरडाओरडा करीत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दोन्ही गाड्यांत चारचाकी जोडणी हाताने टाकावी लागते आणि ती निसरड्या जमिनीवरच टाकावयाची असते. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. मातीवर ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर तो ताण सगळा यंत्रावर येतो.

धाकट्या पुतण्याचा पक्ष जिंकल्यासारखाच होता. इतक्यात मिस्त्री थारखाली शिरले. वरून नवा रंग, नवे टायर, मोठे दिवे. खाली चासीवर पेचकसाने ठोकताच मागच्या पाट्यांजवळ गंजाचे पापुद्रे गळू लागले आणि पोकळीतून रेती सांडली. विचारता मालकाने कबूल केले की, सुट्टीत मित्रांसह ती समुद्राच्या लाटांतून पळविण्याचा त्यांस नाद होता. खाऱ्या पाण्याने लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. हा दोष निर्मात्याचा नव्हे, धन्याचा. जिप्सीचा रंग उडालेला, आसने फाटलेली. पण तिचा मालक बागायतदार, आणि तळ वंगणाने माखलेला, निरोगी. दुसरा गिअर अडतो व पुढच्या चाकांत किंचित ढिलाई आहे, हे त्याने आम्ही विचारण्यापूर्वीच सांगितले.

जिप्सीच्या उणिवा लपविण्यात अर्थ नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. हिची २०२७ मध्ये संपेल, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागेल. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, म्हणून इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलण्याचा सल्ला मिस्त्रींनी दिला. सुकाणू हलके करणारी यंत्रणा हिच्यात नाही. अपघातात जीव वाचविणाऱ्या हवेच्या पिशव्या तर दोहोंतही नव्हत्या, आणि मागचे बाक आडवे. यास्तव आम्ही असे ठरविले की, जिप्सी घ्यावी, परंतु ती गावीच राहावी. तिचे काम दीड किलोमीटरचे. हमरस्त्यावरील लांबच्या प्रवासास साधी मोटार आहेच. काम इतके नेमके ठरल्यावर थारच्या अधिक ताकदीची उणीव कोणास भासली नाही.

व्यवहार करताना पुस्तकातील चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने समक्ष सही करून घेतले. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

गाडी अंगणात आली त्या दिवशी वहिनींस पुढच्या आसनावर बसवून पाहावयाचे होते. पायरी उंच, त्यांचा गुडघा वाकेना. आम्ही सारे विद्वान एकमेकांकडे पाहत राहिलो. वहिनी म्हणाल्या, “अहो, देवघरातला जुना पाट आणा की.” पाट ठेवला, त्या चढून बसल्या. तो पाट आता जिप्सीतच, मागच्या बाकाखाली बांधून ठेवलेला असतो.