गाठ सुटली, मासा गेला!

वीकेंडला नेऱ्याला, गाढी नदीवर गळ टाकायचाय? मग आधी गाठ शिका. माझा पहिला तिलापिया गळासकट गेला, कारण गाठ बुटाच्या लेसची! तोंडात गळ घेऊन फिरणाऱ्या त्या जिवाने माझी झोप उडवली.

आता फक्त ‘पालोमर’. तंगूस दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, फासातून अख्खा गळ पलीकडे न्या. ओढण्याआधी थुंकी लावा (यक्क, पण लावाच!). कोरडा तंगूस घासून तापतो, कमजोर होतो.

अमेरिकेत बास पकडणारे उरलेलं लांब टोक पुन्हा नेढ्यातून वरून खाली ओवतात आणि त्याला फूटभर खाली शिसं बांधतात. शिसं तळाला टेकतं, गळ वर आडवा तरंगतो. तिलापियासाठी गळ मात्र लहानच घ्या, त्याचं तोंड इवलंसं असतं.